सब्र कुणी करायचा?

आमच्या घरात एक वाक्य बावीस वर्षं चाललं. 'भाई दुबईला असतो.' पाहुणे आले की अम्मा हे वाक्य म्हणायची, लग्नकार्यात अब्बा म्हणायचे, आणि शाळेत मैत्रिणींनी विचारलं की मीही म्हणायचे. वाक्य सोपं होतं. आमच्या गल्लीतल्या दर चार घरांमागे एकाचा मुलगा खरोखरच आखातात होता, त्यामुळे कुणी खोलात शिरत नसे. फार तर 'पैसे पाठवतो का?' एवढं विचारत. त्यावर अम्मा 'अल्लाचं करम आहे' म्हणायची. हे मात्र खोटं नव्हतं. करम होतंच, पैसे नव्हते.

माझा थोरला भाऊ दुबईला कधीच गेला नाही. तो घराच्या मागच्या खोलीत होता. १९८३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो आजारी पडला. आधी झोप गेली. मग तो म्हणू लागला की भिंतीपलीकडून कुणीतरी त्याचं नाव घेतं. मग अम्माच्या हातचा चहा हुंगून पाहू लागला. हा स्किझोफ्रेनिया आहे हे आम्हाला समजायला सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत काय काय झालं ते सांगितल्याशिवाय मला जो प्रश्न मांडायचा आहे तो मांडता येणार नाही.

पहिल्यांदा तावीज झाले. मग कुणी म्हणालं की करणी आहे, तेव्हा उंबऱ्याखालची माती उकरून झाली. मग फुफीने सुचवलं, लग्न करून द्या, ठीक होईल. सुदैवाने अब्बांनी ते ऐकलं नाही. कुणाच्या तरी लेकीला औषध म्हणून घरात आणणं त्यांना पटलं नसावं. पण १९८५ साली ते भाईला दूरच्या एका दर्ग्यावर घेऊन गेले. तिथे चाळीस दिवसांचा चिल्ला होता. चाळीस दिवस भाईच्या पायात साखळी होती. त्याने पळून जाऊ नये म्हणून, त्याच्याच भल्यासाठी. अब्बा परत आले तेव्हा महिनाभर ते भाईच्या पायांकडे बघत नसत.

सोळा वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे पहाटे आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रमातल्या झावळ्यांच्या शेडमध्ये मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस माणसं गेली. टीव्हीवर ती बातमी चालू असताना अम्मा उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री मला फोनवर एवढंच म्हणाली, "हमने बी बांदे थे ना गे."

मी तिला काय उत्तर द्यावं? 'अम्मा, तुम्हाला माहीत नव्हतं' हे म्हणणं सोपं होतं आणि मी ते म्हणाले. पण तेवढ्याने माझंच समाधान झालं नाही. न कळल्यामुळे घडलेल्या गोष्टीचा दोष किती आणि कुणाचा? साखळी ज्याने बांधली त्याचा, ज्याने सांगितली त्याचा, की ज्या सगळ्यांनी 'सब्र करा' म्हणून पाठ फिरवली त्यांचा? या लेखात मी याच प्रश्नाचं उत्तर शोधते आहे.

*

आपल्याकडे मनाचा आजार झाला की तीन उत्तरं तयार असतात. पहिलं, ही गुनाहांची सजा आहे. दुसरं, हा जिन्नाचा, नजरेचा किंवा करणीचा प्रकार आहे. तिसरं, ही आज़माइश आहे, सब्र करा. पहिली दोन उत्तरं आता शिकलेल्या घरांतून तरी मागे पडू लागली आहेत. तिसरं मात्र भक्कम उभं आहे, कारण ते दीनच्या भाषेत बोलतं आणि त्याला विरोध करणारा माणूस बेदीन ठरण्याची भीती असते.

म्हणून आधी ईमानाचा प्रश्न घेऊ. उदास होणं, घाबरणं, मन फाटणं ही ईमानाची कमजोरी आहे का? याकूब अलैहिस्सलाम तर पैगंबर होते. मुलाच्या विरहात रडून रडून त्यांची दृष्टी गेली हे कुरआनच सांगतं. त्यांचं ईमान कमी होतं असं कुणी म्हणेल का? आपल्या रसूलांच्या आयुष्यात बीबी खदीजा आणि चाचा अबू तालिब एकामागोमाग गेले, त्या वर्षाला सीरतकारांनी दुःखाचं वर्ष असंच नाव दिलं. त्या दुःखाला नाव देताना कुणाला लाज वाटली नाही. लाज नंतरची आहे आणि ती आपली आहे.

दुसरी गोष्ट इलाजाची. उंट मोकळा सोडून अल्लावर भरोसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला आधी उंट बांध आणि मग भरोसा ठेव, असं रसूलांनी सांगितल्याची रिवायत आपण मदरशात शिकतो. प्रत्येक आजारासोबत त्याची दवाही उतरवली गेली आहे, तेव्हा इलाज करा, हीसुद्धा हदीसच आहे. त्यात 'शरीराच्या आजाराला' अशी अट घातलेली नाही. मधुमेहाला इन्सुलिन घेताना कुणी मौलवींना विचारत नाही की हे तवक्कुलच्या विरोधात जाईल का. मग मेंदूतल्या बिघाडाची गोळी घेतानाच हा प्रश्न का उठावा?

आपल्याच इतिहासात याचं उत्तर पडून आहे. दहाव्या शतकात बल्ख इथल्या अबू ज़ैद अल-बल्खी या विद्वानाने एक ग्रंथ लिहिला. त्यात शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्याचा स्वतंत्र भाग होता. वैद्य फक्त शरीराकडे बघतात ही त्याची तक्रार होती. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण सापडत नसलेली उदासी यांत त्याने फरक केला होता. बल्खी ९३४ साली वारला. म्हणजे 'तुला काय कमी आहे, मग तू उदास का?' या प्रश्नातली चूक आपल्याकडे हज़ार वर्षांपूर्वी कुणाला तरी कळली होती. काहिरा शहरात सुलतान कलावून याने १२८४ साली मोठा बीमारिस्तान बांधला, त्यात मनोरुग्णांसाठीही जागा होती. दमिश्कला त्याच्याही आधी, ११५४ साली, नूरुद्दीनचा बीमारिस्तान उभा राहिला होता. हे दवाखाने वक्फच्या उत्पन्नावर चालत. रोग्याच्या दवापाण्याचा आणि खाण्यापिण्याचा भार वक्फवर असे.

हे सांगताना 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' अशी फुशारकी मारायची नाही. तिथेही अनावर रोग्यांना बांधून ठेवत, आणि त्या काळी आजच्यासारखी औषधं नव्हती. या आजारावर खरोखर काम करणारं पहिलं औषध १९५०च्या दशकात आलं. सांगायचं इतकंच, की वेड्या माणसाची सोय लावणं हे वक्फचं काम आहे, असं त्या समाजाला वाटत होतं. आपल्या जमातीला तसं वाटतं का?

*

दर्ग्याविषयी बोलताना मला जपून बोलायचं आहे. शिकलेली माणसं दर्ग्याला हसतात, आणि त्या हसण्याने एकही रुग्ण दवाखान्यात गेलेला मी पाहिला नाही. माणूस दर्ग्यावर जातो, कारण तिथे त्याला कुणी चिठ्ठी मागत नाही, रांगेत दटावत नाही, आणि त्याच्यासारखीच दहा माणसं तिथे बसलेली असतात. हा दिलासा खरा असतो. साखळी मात्र ज़ुलूम आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे २००८ साली एक उपक्रम सुरू झाला. एका स्वयंसेवी संस्थेने सरकारच्या मदतीने दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केली, आणि मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. मुजावर दुआ करतात आणि मग स्वतःच रुग्णाला शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवतात. दवाही आणि दुआही. अब्बा भाईला घेऊन गेले तेव्हा त्या दर्ग्यात असा एक जरी माणूस असता, तर भाईची चार वर्षं वाचली असती.

१९८९ साली अब्बांच्या कचेरीतल्या एका कुलकर्णी नावाच्या कारकुनाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्या बहिणीलाही हेच होतं, आणि डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यालाही हे सांगायला किती धीर लागला असेल, ते मला आता कळतं. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत भिंतीपलीकडचा आवाज हळू झाला. पण जुन्या औषधांनी भाईचे हात थरथरत, तोंड कोरडं पडे. त्याने गोळ्या सोडल्या. मग अम्मा गोळी कुटून सालनात मिसळू लागली.

इथे दुसरा नैतिक प्रश्न येतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. अम्माने केलं ते फसवणं होतं की सेवा? एके दिवशी भाईला वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. ज्याला आधीच वाटत होतं की आपल्या अन्नात काहीतरी घातलं जातं, त्याला पुरावा मिळाला. त्यानंतर चार महिने तो अम्माच्या हातचं जेवला नाही. बाजारातून पाव आणून खायचा. अम्मा दाराशी ताट ठेवून बसायची.

शेवटी डॉक्टरांनी भाईला एकट्याला बसवून घेतलं. आजाराचं नाव सांगितलं. थरथर कमी करायला औषध बदललं. आणि विचारलं, "तुला काय त्रास होतो, ते तू सांग." त्यानंतर तो स्वतःच्या हाताने गोळी घेऊ लागला. दोनदा पुन्हा सोडली, पुन्हा आजार उलटला, पण पुन्हा घेतली. मला यातून जे समजलं ते असं, की ज्याचं मन आजारी आहे त्याची अक्कल सगळीच्या सगळी गेलेली नसते. कठीण क्षणी त्याच्या वतीने निर्णय घ्यावा लागतो हे खरं. पण तो निर्णय जितका कमी आणि जितका उघड, तितका बरा. भारताचा २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला, त्यातही हेच सूत्र आहे. आपण बरे असताना, पुढे आजार उलटला तर कोणते उपचार हवेत नि कोणते नकोत, हे माणसाला लिहून ठेवता येतं. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आणि माणसाला साखळीने बांधायला या कायद्याने कुठल्याही परिस्थितीत मनाई केली आहे.

गोळ्यांबरोबर बोलण्याचाही उपचार असतो. भाईसारख्या आजारात बोलणं औषधाची जागा घेत नाही. पण उदासी, चिंता, भीती, ओसीडीसारखा पुन्हा पुन्हा वुज़ू करायला लावणारा वहम, यांत समुपदेशनाने पुष्कळ फरक पडतो. आपले विचार तपासून बघायला शिकवणारी एक पद्धत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि मुंबईत कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. आपल्या बायका याला बिचकतात त्याचं एक कारण मला अनेकींनी सांगितलं आहे. घरची गोष्ट परक्याला सांगणं म्हणजे ग़ीबत नाही का? नाही. दाद मागण्यासाठी किंवा सल्ला विचारण्यासाठी जे सांगावं लागतं ते ग़ीबतीत मोडत नाही, हे जुन्या आलिमांनीच लिहून ठेवलं आहे. सासूची चुगली दहा जणींकडे करण्यापेक्षा एका समुपदेशकापुढे रडणं दीनच्या आणि दुनियेच्या, दोन्ही हिशेबांनी चांगलं.

*

आता मुलांविषयी. मोठा माणूस निदान म्हणू शकतो की मला बरं वाटत नाही. तीन वर्षांचं पोर काय म्हणणार?

माझा नातू २०१५ साली जन्मला. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर वळेना. गाडीचं चाक तासन् तास फिरवत बसे. मुलीच्या सासरी म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. मग म्हणाले, आईने मोबाइल दाखवला म्हणून. मग एकदा कुणीतरी ते बोललं ज्याची मला धास्ती होती, "मामू पे तो नई गया?" त्या रात्री माझी मुलगी मला म्हणाली, "अम्मी, तुम्ही मामूंना लपवलंत. मी याला लपवणार नाही."

तिने आधी त्याचे कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. निदान ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं झालं. मामूचा आजार वेगळा आणि हा वेगळा, हे डॉक्टरांनी तिला आणि मुख्य म्हणजे तिच्या सासूला समजावलं. या बाबतीत आईला दोष देण्याची चूक फक्त अडाणी माणसांनी केलेली नाही. अमेरिकेतसुद्धा आईच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात असं मानसतज्ज्ञ सांगत. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या आधीच, १९६४ साली, स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी ही कल्पना खोडून काढायला सुरुवात केली होती. आज ती कुणी जाणता डॉक्टर मानत नाही. पण दरम्यान किती आयांनी ती सजा भोगली असेल!

लहान मुलाचा उपचार म्हणजे मुख्यतः खेळ. वाचा-उपचार असतात. ऑक्युपेशनल थेरपी असते. ज्यांच्या मनाला धक्का बसला आहे अशा मुलांसाठी खेळातून मन मोकळं करण्याची पद्धत असते, कारण मूल शब्दांत सांगू शकत नाही ते बाहुलीच्या हातून सांगतं. आणि आठवड्यातला एक तास थेरपिस्टचा असला, तर उरलेले तास आईबापांचे असतात. म्हणून चांगला थेरपिस्ट मुलाइतकंच आईबापांना शिकवतो. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि ज्या जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र चालू आहे तिथे हे उपचार विनाशुल्क मिळतात. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत स्वमग्न मुलांना एक लाखापर्यंतचा विमा आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. आपल्या किती आयांना हे ठाऊक आहे? उलट 'सहा महिन्यांत पूर्ण बरा' असं सांगून हज़ारो रुपये घेणाऱ्यांचे पत्ते मात्र सगळ्यांना ठाऊक असतात. स्वमग्नता मुळापासून नाहीशी करणारी दवा आज तरी नाही. जो तशी हमी देतो त्याच्यापासून दूर राहावं.

मग उपचार कशासाठी करायचे? इथे माझी मुलगी माझ्या पुढे गेली. मी म्हणाले, "थेरपीने तो इतर मुलांसारखा होईल ना?" ती म्हणाली, "इतरांसारखा कशाला? त्याला तहान लागली तर पाणी मागता यावं, एवढं आधी होऊ दे." मी गप्प बसले. मूल ही अमानत आहे असं आपण म्हणतो. अमानत म्हणजे जशी मिळाली तशी सांभाळायची वस्तू. तिला आपल्या इज़्ज़तीच्या मापात कापून बसवायची नसते. नातू आता दहा-अकरा वर्षांचा आहे. पाणी मागतो. मोजकं बोलतो. गर्दीत कान झाकतो, म्हणून ईदच्या नमाज़ेला त्याचा बाप त्याला शेवटच्या सफ़मध्ये, दाराजवळ घेऊन उभा राहतो.

*

तिसरी व्यक्ती म्हणजे सांभाळणारी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा बाईच असते.

२००३ साली अम्मा भाईच्या गोळ्या आणायला गेली होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, मग पेन खाली ठेवून विचारलं, "आणि तुम्ही झोपता का?" अम्मा रडू लागली. वीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. अब्बांनी नाही, चाचांनी नाही, मीही नाही. अम्माला नैराश्य होतं. तिला गोळ्या आणि बोलण्याचे उपचार, दोन्ही लागले. आम्ही सगळे मात्र इतकी वर्षं तिला शाबासकी देत होतो, की काय सब्र आहे या बाईचा!

सांभाळणाऱ्याला सांभाळलं तर काय होतं, हे शेजारच्या पाकिस्तानात पाहायला मिळालं. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य आलेल्या गरोदर आणि बाळंत बायकांसाठी एक प्रयोग केला. तो २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मानसोपचारतज्ज्ञ नव्हतेच, म्हणून गावातल्या आरोग्यसेविकांनाच त्यांनी शिकवलं. त्या घरोघर जात, आईचे विचार, बाळाशी तिचं नातं, घरातल्यांची मदत यांवर बोलत. सहा महिन्यांनी अशा बायकांपैकी २३ टक्क्यांनाच नैराश्य उरलं होतं. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या बायकांत हे प्रमाण ५३ टक्के होतं. आईला बोलायला मिळालं, एवढ्याने इतका फरक पडला. आपल्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेनेही साध्या शिकलेल्या स्त्रीपुरुषांना समुपदेशन शिकवून असंच काम केलं आहे. म्हणजे प्रत्येक गावात मोठा डॉक्टर येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आता सब्राकडे येते. चाचांशी याच विषयावर माझा एकदा वाद झाला. मी म्हणाले, अम्मा एकटीने किती करणार? तुम्ही सगळे कुठे होता? चाचा दीनचे जाणकार. ते म्हणाले, "बेटा, हे फ़र्ज़-ए-किफ़ाया आहे. जनाज़्याच्या नमाज़ेसारखं. काही जणांनी अदा केलं की बाकीच्यांची सुटका होते. तुझी अम्मा करत होती."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुष्कळ दिवसांनी सुचलं, तोवर चाचा हयात नव्हते. उत्तर असं आहे: काही जणांनी अदा केलं तर बाकीचे सुटतात हे खरं, पण ते खरोखर अदा झालं तर. जनाज़ा चार खांद्यांवर जातो. एकटीने उचलला आणि ती वाटेत कोसळली, तर मय्यत कब्रस्तानात पोचली का? नाही पोचली. मग मागचे सगळे सुटले कसे? अम्मा कोसळत होती, याचा अर्थ फ़र्ज़ अदा होत नव्हतं, आणि तो न होण्याचा बोजा आम्हा सगळ्यांवर होता. सब्र ही मोठी इबादत आहे. पण ती ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याला सब्र करायला सांगून स्वतःची बैठक मोडू न देणं याला सब्र म्हणत नाहीत. रात्री एक वाजता भाई अंगणात ओरडत असताना जो त्याच्याजवळ जाऊन बसला, तोच अम्माला सब्र कर म्हणू शकत होता. आणि जो जाऊन बसला असता, त्याला ते म्हणण्याची गरजच पडली नसती.

*

लपवण्याविषयी शेवटचं. दुसऱ्याच्या ऐबावर पडदा टाकावा अशी आपली शिकवण आहे, आणि ती सुंदर आहे. पण आजार हा ऐब नाही. पडदा टाकून टाकून आपण त्याला ऐब बनवतो. १९८७ साली माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना दुबईच सांगितली गेली. ते वडीलधाऱ्यांनी केलं. पण लग्नानंतर नवऱ्याने विचारलं तेव्हा मीही दुबईच सांगितली, ते माझं खोटं. चार वर्षांनी त्यांना कळलं. ते म्हणाले, "आजारी भाऊ असणं हा गुन्हा नव्हता. मला परका समजलीस, ते लागलं." त्यानंतर दर रविवारी ते भाईजवळ जाऊन बसू लागले. चार वर्षं मी भाईचा एक माणूस अडवून ठेवला होता. बाहेरच्यांसाठी मात्र दुबई तशीच चालू राहिली. २००५ साली भाई पहिल्यांदा बाज़ारातल्या दुकानात बसू लागला, तेव्हा ती आपोआप संपली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर तीनशे माणसांमागे साधारण एकाला स्किझोफ्रेनिया असतो. आमचं गाव साठ हज़ारांचं. म्हणजे दोनशे घरं. किती घरांतले लोक दुबईला असतील? २०१५-१६मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं की मनाचा आजार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांना उपचार मिळत नाहीत. सोयी अपुऱ्या आहेत, ते सरकारला विचारलंच पाहिजे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात, आणि १० ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही तिथे मराठीत बोलता येतं. पण काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. मशिदीच्या रंगाला आणि शादीखान्याच्या फरशीला आपली जमात वर्गणी देते. त्याच शादीखान्यातली एक खोली आठवड्यातून एक दिवस समुपदेशकाला आणि सांभाळणाऱ्या बायकांना एकत्र बसायला देता येणार नाही का? जुन्या वक्फांनी जे केलं त्याचा हा फार लहान हिस्सा आहे. जुम्याच्या बयानात एकदा तरी इमामसाहेबांनी म्हणावं, की गोळी घेणं तवक्कुलच्या विरोधात नाही. इमामसाहेबांच्या तोंडून आलेलं हे वाक्य कुठल्याही पत्रकापेक्षा अधिक घरांत पोचेल.

अम्मा २०११ साली गेली. भाई आता साठी ओलांडून पुढे आहे. सकाळी धाकट्या चुलतभावाच्या दुकानात बसतो, असरची नमाज़ मशिदीत पढतो, रात्री गोळी घेतो. त्याचा आजार ही त्याची गोष्ट आहे, माझी नाही. म्हणून हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचून दाखवला आणि विचारलं, देऊ का? त्याने सगळं शांतपणे ऐकलं. दुबईच्या ठिकाणी थोडा हसला. मग म्हणाला, "दे. पण एक चूक आहे. चाळीस दिवस नाही, एक्केचाळीस. शेवटच्या दिवशी अब्बांची एस. टी. चुकली होती."

आम्ही सगळे आजवर चाळीसच म्हणत आलो होतो. वर तो आकडा मी तसाच ठेवला आहे, कारण आमची समजूत तशी होती. खरा आकडा हा.